वतनाचा पेच : करवीर राज्यातील दोन प्रयोग

परंपरागत राज्यसत्तांवर आधुनिक होण्याचा दाब आला, तेव्हा नव्या तोफा ओतणे किंवा आगगाडी आणणे हे त्यातल्या त्यात सोपे होते. पिढीजात हक्कदारांचे काय करावे, हा पेच मात्र भल्याभल्यांना सुटला नाही. तुर्की सुलतान दुसरा महमूद याने १८२६ मध्ये जानिसारी ही जुनी फौज रक्तपात करून मोडली, तर जपानने १८७६ मध्ये सामुराईंचे तनखे संपवले आणि पुढच्याच वर्षी सात्सुमाचे बंड ओढवून घेतले. करवीर, म्हणजे कोल्हापूर राज्यात हा पेच दोनदा पडला.

१७३१ च्या वारणेच्या तहानंतर वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकर छत्रपतींकडे होता. या मुलखातील गावगाडा वतनावर, म्हणजे सेवेच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळालेल्या जमिनीवर आणि मानपानावर चाले. गडांची राखण करणारे गडकरीही अशाच इनाम जमिनींवर पोसलेले होते. इंग्रजांनी नेमलेला कारभारी दाजी कृष्ण पंडित याने वसुली नीटनेटकी करण्याच्या नावाखाली या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देऊ केल्या, तेव्हा १८४४ मध्ये सामानगड आणि भुदरगडावर गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि उठावाचे लोण पन्हाळ्यापर्यंत पोचले. कागदावर सुधारणा शहाणपणाची असेलही. पण ती परक्यांच्या हुकमाने आली होती आणि हक्क गमावणाऱ्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हते. शेवटी इंग्रजी फौजेने गड घेतले.

१८९४ मध्ये राज्यसूत्रे हाती घेणाऱ्या शाहू छत्रपतींपाशी सुलतानासारखी फौज नव्हती आणि परराष्ट्रव्यवहारही नव्हता. हाती उरला होता तो अंतर्गत कारभार. त्यांनी क्रम उलटा लावला : १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, आणि त्यानंतर १९१८ मध्ये कुलकर्णी वतनावर घाला. कुलकर्णी हा गावचा पिढीजात हिशेबनीस. जमिनीचा आकार, वसुली, बाकी हे सारे मोडीत लिहून रुमालात, म्हणजे कापडी बासनात, बहुधा त्याच्याच घरी राही. ज्या कुणब्याला अक्षरओळख नाही, त्याने आपल्या शेताविषयी काय लिहिले आहे हे कुलकर्ण्याच्या तोंडूनच ऐकायचे. त्या जागी पगारी आणि बदलीपात्र तलाठी आला. त्याच वर्षी महार वतनही रद्द होऊन त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा, म्हणजे सारा भरून धारण करायच्या, झाल्या आणि वेठबिगारीचा आधार सुटला.

ब्राह्मण वतनदारांकडून या बदलाला कडवा विरोध झाला, पण १८४४ सारखा गड कोणी लढवला नाही. याचे श्रेय केवळ राजाच्या धडाडीला देणे भाबडेपणाचे होईल. नव्या जागांवर बसायला शिकलेला वर्ग तयार होता, हे अधिक निर्णायक ठरले. शिवाय सुधारणेला हात राखून ठेवणे ठाऊक होते. कुलकर्णीपण गेले, तरी पाटीलकी राहिली. उलट पाटलांना कामाचे शिक्षण देणारी शाळा दरबारने काढली. संस्थान १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, त्या प्रांताने कुलकर्णी वतन मोडणारा कायदा केला तो १९५० मध्ये, आणि वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने जाण्यास महाराष्ट्रात १९६२ उजाडावे लागले.