राजूरचा खोळंबा

प्रवासातील खोळंब्याला चांगले म्हणणारा माणूस एक तर साधू असावा, नाही तर त्याच्याबरोबर मुलेबाळे नसावीत, असे माझे पक्के मत होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही जालन्याहून अजिंठ्याला निघालो तोवर!

आईचे वय 76. "लेणी तेवढी पाहायची राहिली रे," हे तिचे पालुपद मी वीस वर्षे ऐकत होतो. या खेपेस गुडघ्यांना पट्टे बांधून तीच सर्वांआधी गाडीत बसली. वार रविवार. जालन्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, राजूरला, भाड्याच्या जीपने मान टाकली. मिस्तरीने आत डोकावून नकारार्थी मान हलवली. सुटा भाग जालन्याहून यायचा होता.

टेकडीवरच्या गणपतीचे दर्शन झाले. गणेशपुराणात गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली. त्या राजाचे राजसदन ते हेच राजूर, अशी इथली परंपरा आहे. पण आमचे चित्त गाडीत. दुपार कलली. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद आणि मंगळवारी मला कामावर हजर व्हायचे. हिशेब सर्वांनाच कळत होता. बोलत कोणी नव्हते. आई तर मुळीच नाही.

"बाबा, पूर्वीची माणसं अशी अडकली म्हणजे काय करायची?" धाकट्याने चहाच्या टपरीवर विचारले.

उत्तर देऊ लागलो आणि माझा मीच चमकलो. ज्या अजिंठ्यासाठी आम्ही हळहळत होतो, तो मुळी अडकलेल्या माणसांचाच! भिक्षूने एका जागी राहू नये, फिरत असावे, हा बौद्ध संघाचा दंडक. पण पावसाळ्यात वाटा बुजत, पायाखाली कोवळे अंकुर नि जीवजंतू तुडवले जात. म्हणून तेवढे महिने एका ठिकाणी थांबायचे, तो वर्षावास. त्या सक्तीच्या मुक्कामासाठी निवारे हवेत, म्हणून विहार आले. अजिंठ्याची पहिली लेणी इसवी सनापूर्वीची, आणि चित्रांचे मोठे वैभव पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळचे.

व्यापाऱ्यांचे तरी निराळे काय होते? मिसरातून जुलैत निघालेली गलबते नैर्ऋत्य वाऱ्यावर भडोचला येत. परतायला वारा फिरेपर्यंत, म्हणजे डिसेंबरच्या सुमारापर्यंत, थांबणे भाग. पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठण आणि तेर येथला माल गाड्यांतून भडोचला उतरे.

आमच्याच रस्त्यावर पुढे भोकरदन लागते. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. 1973 च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा हाती आला. तशीच, सुमारे 24 सेंटिमीटर उंचीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेई येथे सापडली होती. सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेले ते शहर. ती मूर्ती भोकरदनच्या बाजूचीच असावी, असे काही अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही. मला मात्र, खरे सांगतो, मान्य करावेसे वाटते.

चारच्या सुमारास गाडी सुरू झाली. अजिंठा गेलाच होता. भोकरदनला केळणा नदीच्या काठी, सुमारे आठव्या शतकातली लेणी आहेत. तिकडे गाडी वळवली. आमच्याखेरीज तिथे कोणी नव्हते. आई काठी टेकीत आत आली, त्या गार खडकावर तळहात ठेवून पुष्कळ वेळ उभी राहिली.

"हे आहे म्हणून इतकी वर्षं सांगितलं नाहीस ते?" ती म्हणाली.

मलाच कुठे ठाऊक होते! पुस्तकातले भोगवर्धन मला माहीत होते. त्याच्या वेशीवरून अनेकदा गेलो होतो, थांबलो कधीच नव्हतो.

परतताना अंधार पडला. आई पेंगत होती. धाकटा मात्र जागाच.

"बाबा, पाँपेईला जाताना गाडी कुठं बिघडते?"