वलगणीचे मासे आणि नदीची वाट

थंड देशांतील मोठीं सरोवरें हिवाळ्यांत बर्फाखालीं झांकलीं जातात. वसंताच्या आरंभीं तें बर्फ वितळलें कीं, एरवीं खोल पाण्यांत राहणारा सरोवरांतील ट्राउट मासा कांहीं आठवडे कांठाजवळच्या उथळ पाण्यांत येतो, आणि मासे धरणारे लोक वर्षभर त्या दिवसांची वाट पाहत असतात. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत बर्फ नाहीं आणि ट्राउटही नाहीं. परंतु ऋतु पालटतांच मासा आपलें ठिकाण सोडून माणसाच्या हाताशीं येतो, हा प्रकार तेथेंही पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. या चढणीस तिकडील लोक वलगण म्हणतात. या वलगणीचा इतिहास पाहूं गेलें असतां त्या दोन तालुक्यांतील नद्यांचाच इतिहास डोळ्यांसमोर उभा राहतो.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भातसा, चोरणा, काळू, शाई या नद्या खालीं येतात; उत्तरेकडे तानसा व वैतरणा वाहतात. पावसाळ्यांत या नद्या दुथडी भरून जातात, पण चैत्र-वैशाखांत त्यांतील बहुतेकांची धार तुटून ठिकठिकाणीं डोह तेवढे उरतात. मासा हा उन्हाळा त्या डोहांत काढतो. मृगाचा पाऊस कोसळला कीं पाणी गढूळ होतें, कोरडे ओढे वाहूं लागतात, आणि डोंगरउताराचें पाणी भातखाचरांच्या बांधांवरून नदीकडे धांवतें. तेंच पाणी माशांना वाट दाखवितें. अंड्यांनीं पोट भरलेल्या माद्या व त्यांच्या मागें नर ओढ्यांतून, पऱ्ह्यांतून, थेट खाचरांपर्यंत येतात. हें स्थलांतर निष्कारण नव्हे. खाचरांतील पाणी उथळ व कोमट असतें, त्यास ओढ कमी असते, आणि नुकत्याच भिजलेल्या मातींतील कुजक्या पालापाचोळ्यावर सूक्ष्म जीव झपाट्यानें वाढतात. अंडीं लवकर फुटावींत व पिलांना जन्मतांच अन्न मिळावें, याची सारी सोय तेथें असते. पाऊस ओसरूं लागला कीं पिलें पाण्याबरोबर पुन्हा नदींत उतरतात.

वलगण फार दिवस टिकत नाहीं. पहिले कांहीं पूर हीच तिची मुदत. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कुणबी अशा सर्वांनीं त्या मुदतीचा लाभ घेतलेला आहे. कोणी ओढ्याच्या अरुंद जागीं दगडांचा आडोसा रचून मध्यें बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा बसवितो, कोणी पाग टाकतो, तर कोणी रात्रीं उजेड घेऊन नुसत्या हातांनीं मासे धरतो. ज्येष्ठ महिन्यांत गरिबाची कणगी रिकामी झालेली असते आणि नवें भात हातीं येण्यास तीन-चार महिन्यांचा अवकाश असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या माशांचें मोल कळतें. कातकरी हें नांव खैराच्या कातावरून पडलेलें आहे. १८७८ सालच्या जंगल कायद्यानंतर राखीव रानांतील झाड तोडणें सरकारी परवानगीवांचून अशक्य झालें, तेव्हां ज्यांचा धंदा रानावर चालत होता त्यांना नदीचा आधार अधिकच मोलाचा वाटला असल्यास नवल नाहीं.

इंग्रज अंमलदारांनीं या देशांतील माशांकडे लक्ष दिलें तें प्रथम अभ्यासक म्हणून. कर्नल साईक्स यांनीं घाटावरील नद्यांतील माशांचें वर्णन १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केलें, आणि लोकांच्या तोंडचीं कोळस, खुद्री अशीं नांवें शास्त्रीय नांवांत तशींच ठेवून दिलीं. तीं आजही प्रचारांत आहेत. पुढें फ्रान्सिस डे यांनीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं १८७३ सालीं अहवाल लिहिला. विणीस आलेले मासे व खाचरांतील पिलें यांचा सरसकट संहार होतो, अशी त्यांची तक्रार होती. अखेर १८९७ सालीं मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला. सुरुंगाची दारू उडवून अथवा पाण्यांत विष कालवून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशें रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यांत सांगितली होती. गेळासारख्या झाडांच्या फळांनीं डोहांतील मासे गुंगविण्याची जुनी रीत होतीच. तेव्हां कायद्याचा हेतु योग्य होता, यांत शंका नाहीं.

मात्र हा कायदा होण्याच्या पांच वर्षें आधीं, १८९२ सालीं, शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर दगडी धरण बांधून पुरें झालें होतें. सुमारें दोन मैल लांब आणि शंभर फुटांहून अधिक उंच अशी ती भिंत त्या काळच्या स्थापत्याचा मोठा पराक्रम मानली जाई. मुंबईस पाण्याची गरज होती व ती खरी होती. पण या भिंतीखालील डोहांत उन्हाळा काढलेल्या माशाला पुढल्या मृगांत वर जाण्यास वाट उरली नाहीं. कायद्यानें माणसाचा हात पाहिला. नदीच्या आडवी उभी असलेली भिंत त्याच्या दृष्टीस पडली नाहीं.

पुढें हाच क्रम चालूं राहिला. १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर पुरा झाला, १९७२ सालीं बारवीचें धरण उभें राहिलें, १९८० नंतरच्या दशकांत सुमारें ८८ मीटर उंचीच्या भातसा धरणाचें पाणी मुंबईस मिळूं लागलें, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणेची भर पडली. फराक्कासारख्या कांहीं बंधाऱ्यांवर माशांसाठीं निराळी वाट ठेवलेली आहे. परंतु भातशासारख्या उंच भिंतीस अशी वाट काढणें फार कठीण.

धरणांमुळें मासे नाहींसे झाले, असें म्हणणें मात्र चुकीचें ठरेल. मोठ्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचें बीज सोडण्याची पद्धत रूढ झाली. हे मासेही वाहत्या पुरांत विणारे; सांठलेल्या पाण्यांत ते सहसा वीत नाहींत. १९५७ सालीं ओडिशांतील अंगुल येथें हिरालाल चौधुरी यांनीं माशाच्या मेंदूच्या तळाशीं असणाऱ्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून त्यांस विण्यास लावलें, आणि तेव्हांपासून मत्स्यबीज केंद्रांत तयार होऊं लागलें. पूर जें काम फुकट करीत असे, तें आतां सुईनें करावें लागतें. शिवाय जलाशयांतील मासा ठेक्याचा असतो. वलगणीचा मासा मात्र त्या रात्रीं बांधावर जो भिजत उभा राही, त्याच्या वांट्याला येई. एकूण वजनाच्या हिशेबांत हा फरक दिसत नाहीं. ज्याच्या चुलीवर तो मासा शिजत असे, त्यालाच तो कळतो.

वलगण संपलेली नाहीं. ज्या ओढ्यांची नदीपर्यंतची वाट मोकळी आहे, तेथें मासे अजूनही चढतात. मुरबाड तालुक्यांतील काळू नदीवर सुरू झालेलें धरणाचें काम २०१२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें थांबलें, तरी ती योजना पुढेंही चर्चेंत राहिली. त्या चर्चेंत पाण्याखालीं जाणाऱ्या रानाचा व गांवांचा विचार होतो. माशांच्या वाटेचाही व्हावा.

त्याबरोबर मोकळ्या ओढ्यांवरील माणसांवरही कांहीं जबाबदारी येते. महाराष्ट्राच्या समुद्रांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठीं व पावसाळी तुफानांपासून नाखव्यांचें रक्षण व्हावें म्हणून. ओढ्यांतील माशाची वीणही त्याच दिवसांत होते. सापळा ओढ्याच्या एका अंगास लावून दुसरें अंग मोकळें ठेवणें, पहिला लोंढा वर जाऊं देऊन मगच पाग टाकणें, विष व सुरुंग यांना हात न लावणें, एवढें केलें तरी पुढील वर्षाच्या वलगणीची तजवीज होते. पोटांत अंडीं घेऊन चढणारी मादी बाजारांत मूठभर पैसे देते. खाचरापर्यंत पोंचली तर सबंध ओढा भरून टाकते.