सर एस. ए. हायस्कूल, मुरूड

रायगड जिल्ह्यातील मुरूड-जंजिरा येथील माध्यमिक शाळा. नावातील आद्याक्षरे जंजिरा संस्थानचे नवाब सर सिदी अहमदखान (१८६२–१९२२) यांची आहेत. गावात मात्र ती ‘एस. ए. हायस्कूल’ म्हणूनच ओळखली जाते.

मुरूड ही जंजिरा संस्थानची राजधानी होती. मुरूड, श्रीवर्धन व म्हसळा हे संस्थानचे कोकणातील तीन महाल. १९०१ साली त्यांची लोकसंख्या सुमारे ८५ हजार होती. राजघराणे मुसलमान, तर बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी हिंदू. अहमदखान १८७९ साली गादीवर आले. मुरूडला पाणी पुरवणारे गारंबीचे धरण आणि समुद्राकाठचा राजवाडा त्यांच्याच काळातला. दरबारातही शिक्षणाची आस्था होती. त्यांच्या पत्नी नाझली बेगम यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली होती. हिंदी मुसलमान स्त्रीने त्या काळी असे पाऊल उचलणे ही फार मोठी गोष्ट होती.

या किनाऱ्यावर माध्यमिक शाळेचे मोल समजण्यासाठी आधी खाड्या लक्षात घ्याव्या लागतात. मुरूडच्या उत्तरेस रेवदंड्याची खाडी, दक्षिणेस राजपुरीची. साळावचा पूल होण्यापूर्वी अलिबागकडे जायचे तर तरीशिवाय गत्यंतर नव्हते, आणि पावसाळ्यात समुद्रमार्गे मुंबई गाठणेही बंद होई. चौथीनंतर मुलाला परगावी नातेवाइकांकडे ठेवणे मासेमारीवर किंवा नारळी-पोफळीच्या वाडीवर जगणाऱ्या घराला परवडत नसे. गावातच हायस्कूल असणे म्हणजे कोळीवाड्यातल्या मुलाला शिकता येणे, एवढा हा सरळ हिशेब होता.

पूर्वी हायस्कूलच्या शिक्षणाची अखेर मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकने होई. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात आले. त्याच सुमारास मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. १९५९ साली राज्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फीमाफी दिली, ‘ई.बी.सी.’ या नावाने ती घरोघर माहीत झाली. गरीब घरांना संस्थान गेल्यापेक्षा या सवलतीने अधिक फरक पडला असे म्हणता येईल. अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन १९७५ साली दहावीची आली. शाळेला पुढे कनिष्ठ महाविद्यालयाची जोड मिळाली. पदवीच्या शिक्षणासाठी आता मुरूडमध्येच वसंतराव नाईक महाविद्यालय व अंजुमन इस्लाम जंजिराचे विज्ञान महाविद्यालय आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने हा किनारा झोडपला. घरांची व शाळांची छपरे उडाली, वाड्यांतील पोफळी आडव्या झाल्या आणि टाळेबंदीत आधीच अडखळलेले शिक्षण आणखी मागे पडले.

कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. शालान्त परीक्षांसाठी हा जिल्हा मुंबई विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो; कोकण विभागीय मंडळ रत्नागिरी व सिंधुदुर्गपुरते आहे.