परनाळ्यापासून गीझरपर्यंत

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. भाड्याच्या फ्लॅटमधला गीझर बंद पडून तीन आठवडे झाले होते. घर दाखवताना हाच गीझर दाखवून भाडं थोडं जास्त ठरवलं होतं. आता मालक म्हणत होते, "वापरता तुम्ही, दुरुस्तही तुम्हीच करा. परवडत नसेल तर घर खाली करा." करार मराठीत होता म्हणून त्यांनी तो मला वाचायला पाठवला. त्यात गीझरचं नावही नव्हतं. मी म्हटलं, तक्रार लेखी द्या. त्या म्हणाल्या, "सर, नाव ऐकून लोकांनी दारातूनच परत पाठवलं, तेव्हा कुठं मोहल्ल्यात हे घर मिळालं. आता यांच्याशी भांडून जायचं कुठं?"

मालक आपल्यातलेच, नमाजी माणूस. म्हणून आधी फिकहची किताब काढली.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाच्या हुकुमावरून शेख निजाम बुऱ्हाणपुरी यांच्या देखरेखीखाली उलमांनी 'फतावा-ए-आलमगिरी' हा हनफी फिकहचा मोठा संग्रह तयार केला. त्यातलं इजाऱ्याचं, म्हणजे भाड्याच्या व्यवहाराचं प्रकरण आजच्या भाडेकरूलाही ओळखीचं वाटेल. घराची डागडुजी, लिंपण, छपराचं पाणी वाहून नेणारा परनाळा, खिळखिळं झालेलं बांधकाम या सगळ्याची दुरुस्ती मालकाकडे. पाण्याची विहीर आणि सांडपाण्याचा खड्डाही मालकाकडे. कारण सरळ आहे. भाडेकरू भिंतींचे पैसे देत नाही, राहण्याच्या सोयीचे देतो. सोय गेली की भाड्याचा आधारच डळमळतो.

पण पुढचा नियम महत्त्वाचा. मालकाने दुरुस्ती केली नाही तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. भाडेकरूला करार मोडून घर सोडण्याची मुभा आहे. तीही, घर घेताना तो दोष डोळ्यांनी पाहून पत्करलेला नसेल तरच.

दोनशे वर्षांनी, १८६९ ते १८७६ या काळात, उस्मानी तुर्कस्तानात हनफी फिकहच्या आधाराने 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार झाली. तिने आणखी बारकाईने विचार केला. भाडेकरूने परवानगीशिवाय स्वतःच दुरुस्ती केली, तर ती त्याच्याकडून झालेली भेट. पैसे मागता येणार नाहीत. मालकाच्या परवानगीने छपराची कौलं बदलली, तर खर्च मालकाकडून मिळेल, कारण त्याने घर वाचलं. पण परवानगी घेऊनही चूल किंवा भट्टी दुरुस्त केली, तर खर्च भाडेकरूचाच, कारण फायदा त्याचा. तशी अट आधीच ठरली असेल तर गोष्ट वेगळी. आजचा गीझर, एसी, किचनची चिमणी ही त्या चुलीचीच भावंडं. वाद दीडशे वर्षांपूर्वीही हाच होता आणि उत्तरही हेच: अट आधी ठरवा.

या जुन्या नियमांनी भाडेकरूच्या हाती मुख्यतः एकच हत्यार दिलं, घर सोडण्याचं. ते चालतं कुठे? जिथे दुसरं घर मिळतं तिथे. मुंबईत ते मिळेनासं झालं तेव्हा कायद्याला मध्ये यावं लागलं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इथे भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि, करारात उलट काही ठरलेलं नसेल तर, दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली. भाडेकरूला सहज घराबाहेर काढता येणार नाही, याचीही तजवीज केली.

हेतू चांगला होता, पण हिशेब जुळला नाही. सिमेंट, मजुरी, कर वाढत गेले. भाडं जागेवर राहिलं. मालकाने खिशातून घालणं बंद केलं. कायद्याने मना असलेली पगडी पडद्याआडून चालू राहिली. चाळी गळू लागल्या. शेवटी १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला आणि दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ नेमावं लागलं.

दुसरीकडे मालकांनी भाडेकरार टाळून 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट धरली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे असे करार चालू होते, त्यांना दुरुस्ती करून भाडेकरूचा दर्जा दिला गेला. नंतरच्यांना तो मिळाला नाही. आजचा अकरा महिन्यांचा करार हा याच वाटेवरचा.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो की मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी वेळ थांबावं, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा. मर्यादा एका वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. महिना शंभर रुपये भाड्याच्या जुन्या खोलीत ही रक्कम वर्षाला तीनशे होते. तेवढ्यात प्लंबरही येणार नाही. आणि अकरा महिनेवाल्याला या कलमाचा आधार सहज मिळतही नाही, कारण ते 'भाडेकरू'साठी आहे.

पण याच कायद्याचं ५५ वं कलम त्याच्याही कामाचं आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; खोडून काढायचं तर पुरावा मालकाने द्यायचा.

२०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून भाडेकरू कायदा मांडला. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. रंगरंगोटी, पाण्याचे पाइप, वायरिंग मालकाकडे. नळ, स्विच आणि हो, गीझरची दुरुस्तीसुद्धा राहणाऱ्याकडे. करारात वेगळं ठरलं नसेल तर. पुन्हा तीच चूल आणि तीच अट.

म्हणजे निव्वळ नियमाने पाहिलं तर त्या बाईंची बाजू भक्कम नव्हती, हे मला त्यांना सांगावं लागलं. पण मालकांशी बोलताना मी दुसरी गोष्ट काढली. इजाऱ्यात भाडं सोयीचं असतं, आणि गीझर दाखवून तुम्ही जास्तीचं भाडं घेतलंत. शिवाय 'पटत नसेल तर जा' हा फिकहने भाडेकरूला दिलेला हक्क आहे. त्याला जायला जागा नाही हे माहीत असताना तुम्ही तोच धमकी म्हणून वापरता. दुसऱ्यांनी बंद केलेल्या दारांचं भाडं आपण आपल्याच माणसाकडून वसूल करायचं का?

ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी खर्च निम्मा-निम्मा झाला. नव्या करारात सात ओळींची यादी जोडली: गीझर, पंखे, चिमणी, पाण्याची मोटर, कुठली वस्तू कोणत्या अवस्थेत दिली, बिघडली तर कोण किती देणार. खाली दोघांच्या सह्या. घर देताना किंवा घेताना तुम्हीही एवढं करा. सात ओळी लिहायला अर्धा तास लागतो.