चारचौघांची भीती

वर्गात उत्तर ठाऊक असूनही हात वर न करणारा विद्यार्थी, कार्यालयातील बैठकीत आपली पाळी जवळ येताच घामाघूम होणारा अधिकारी, लग्नसमारंभात ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून अक्षता पडताच काढता पाय घेणारा पाहुणा. अशा व्यक्तींविषयी ‘स्वभावच बुजरा’ असे म्हणून विषय संपविला जातो. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. मात्र अनेकांच्या बुजरेपणाआड एक ओळखता येण्याजोगा आणि उपचारांनी आटोक्यात येणारा विकार दडलेला असतो. ‘सामाजिक चिंताविकार’ अथवा ‘सोशल फोबिया’ या नावाने तो ओळखला जातो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. त्याच देशात २००१ ते २००३ या काळात झालेल्या व्यापक पाहणीत सुमारे १२ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास झाल्याचे आढळले. त्याची सुरुवात बहुधा शाळकरी वयात, विशेषतः पौगंडावस्थेत होते. त्यामुळेच त्याची गणना विकारात न होता स्वभावात होते आणि उपचारांविना अनेक वर्षे निघून जातात.

बुजरेपणा आणि विकार

नव्या माणसांसमोर संकोच वाटणे, भाषणापूर्वी छातीत धडधडणे हे स्वाभाविक आहे. ओळख झाल्यावर किंवा बोलण्यास सुरुवात केल्यावर हा संकोच ओसरतो. विकारात तो ओसरत नाही. ‘लोक आपले निरीक्षण करीत आहेत, आपले हसे होणार’ ही धास्ती प्रसंगाच्या कित्येक दिवस आधीपासून मन पोखरू लागते. चेहरा लाल होणे, आवाज कापणे, हात थरथरणे, पोटात गोळा येणे ही लक्षणे दिसतात. आणि ती इतरांना दिसतील याचीच पुन्हा भीती वाटते. काहींना फक्त व्यासपीठाचे भय असते, तर काहींना दुसऱ्यादेखत जेवणे, सही करणे किंवा फोनवर बोलणेही अवघड जाते. अशी भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आणि तिच्यामुळे शिक्षण, नोकरी वा नातेसंबंधांत अडथळा येऊ लागला, तर तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

या विकाराला एकच एक कारण नसते. आनुवंशिकता, लहानपणापासूनचा भिडस्त पिंड, अतिसंरक्षक किंवा सतत टीका करणारे पालक, चारचौघांत झालेला अपमान अशा अनेक गोष्टी त्यास हातभार लावतात. ‘लोक काय म्हणतील’ हा घराघरांत ऐकू येणारा प्रश्न एकटाच विकार निर्माण करीत नाही, पण मुळातल्या भीतीला खतपाणी नक्कीच घालतो.

टाळण्याचे दुष्टचक्र

ही भीती टिकते कशी, याचा उलगडा डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात सापडतो. अशा प्रसंगी व्यक्तीचे लक्ष समोरच्या माणसांवरून उडून स्वतःवर खिळते. आतून जशी घबराट जाणवते, तसेच आपण बाहेरून दिसत असणार असे ती गृहीत धरते. मग बचावाच्या क्लृप्त्या सुरू होतात : नजर खाली ठेवणे, पेला दोन्ही हातांनी धरणे, प्रत्येक वाक्य मनात घोळवून मगच बोलणे, मोबाइलमध्ये डोके खुपसून बसणे. यामुळे दोन तोटे होतात. ती व्यक्ती इतरांना तुटक वा शिष्ट वाटू लागते. आणि प्रसंग सुखरूप पार पडला तरी त्याचे श्रेय क्लृप्तीला जाते. आपली भीती निराधार होती, हे कळण्याची संधीच मिळत नाही. प्रसंग टाळल्याने क्षणभर हायसे वाटते, पण पुढच्या वेळची भीती वाढलेलीच असते.

उपचार

हे चक्र भेदण्यासाठी बोधात्मक वर्तनोपचार सर्वाधिक उपयुक्त ठरले आहेत. त्यात भीतीदायक विचारांची तर्काच्या कसोटीवर छाननी केली जाते आणि टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जाण्याचा सराव दिला जातो. प्रथम अनोळखी दुकानदाराला भाव विचारणे, मग सहकाऱ्याशी पाच मिनिटे गप्पा, पुढे सोसायटीच्या सभेत एखादा प्रश्न विचारणे अशी चढती यादी केली जाते. प्रत्येक पायरीवर बचावाची क्लृप्ती न वापरता, समोरच्याच्या बोलण्याकडे लक्ष देत थांबणे महत्त्वाचे असते.

विवेकनिष्ठ मानसोपचारांचे जनक अल्बर्ट एलिस यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला होता. स्त्रियांशी बोलण्याची भीती घालविण्यासाठी, वयाच्या १९ व्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी संभाषण केले. भेटीला फक्त एक स्त्री तयार झाली आणि तीही आली नाही. मात्र नकाराने काहीही अनर्थ ओढवत नाही, हे त्यांना अनुभवाने पटले. त्यांची उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे कार्य कि. मो. फडके यांनी केले.

त्रास तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती परस्पर बंद करणे योग्य नसते. केवळ व्यासपीठावरील थरथर कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले जाते. दम्याच्या रुग्णांना मात्र ते घातक ठरू शकते. झोपेच्या वा चिंताशामक गोळ्यांची सवय लागण्याचा धोका असतो. ‘धीर येण्यासाठी’ घेतलेला मद्याचा पेला तर भीतीच्या जोडीला व्यसनाची भर घालतो.

कुटुंबीयांची भूमिका

पाहुण्यांसमोर मुलाला बळेच गाणे म्हणायला लावणे आणि त्याच्या वतीने स्वतःच उत्तरे देणे, ही दोन्ही टोके घातकच. छोट्या प्रयत्नाचे कौतुक करावे, इतर भावंडांशी तुलना टाळावी. मदत कोठे घ्यावी हे न सुचल्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते.

भीती समूळ नाहीशी झाल्यावरच लोकांत मिसळू, असे म्हणणाऱ्याला ती वेळ सापडत नाही. थोडी धडधड सोबत घेऊनही बोलता येते, हे उमगले की उपचारांचा निम्मा पल्ला गाठलेला असतो.