मेणकागदावरची रेषा : फॅनझीन आणि मराठी लघुअनियतकालिके

मराठी लघुअनियतकालिकांचा इतिहास आजवर प्रामुख्याने शब्दांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. १९६९ची ‘सत्यकथे’ची होळी, ‘असो’तील गद्य, साठोत्तरी कवितेची भाषा यांची चर्चा विपुल झाली, पण हे सारे ज्या पानावर घडले त्या पानाकडे, त्यावरील हातच्या अक्षरांकडे आणि रेखाटनांकडे समीक्षेने क्वचितच पाहिले. ही उपेक्षा किती स्वाभाविक आहे, हे तपासण्यासाठी या अनियतकालिकांच्या एका दूरच्या सगोत्राकडे, म्हणजे अमेरिकेतील चित्रकथाप्रेमींच्या ‘फॅनझीन’कडे वळणे उपयुक्त ठरेल.

दोहोंचे यंत्र बहुतांशी एकच. जानेवारी १९३३मध्ये क्लीव्हलँड येथील जेरी सीगल या शाळकरी मुलाने आपल्या चक्रमुद्रित विज्ञानकथापत्रात एक कथा छापली आणि तिला जो शूस्टर या मित्राची चित्रे घेतली. तीत ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले, तेही एका खलपुरुषासाठी! याच जोडीचा नायक सुपरमॅन १९३८मध्ये व्यावसायिक चित्रकथेत अवतरला. पुढे १९६१मध्ये जेरी बेल्स या प्राध्यापकाने रॉय थॉमस यांच्या सहकार्याने ‘आल्टर-इगो’ सुरू केले. त्याचे आरंभीचे अंक स्पिरिट डुप्लिकेटरवर, जांभळ्या शाईत निघाले. या यंत्राच्या एका मूळप्रतीवरून काहीशे प्रती निघत आणि प्रत्येक प्रतीगणिक शाई फिकट होई. सायक्लोस्टाइलचा जाच निराळा होता. मेणकागदावर टोकदार लेखणीने ओरखडावे लागे. ठसठशीत काळा भाग भरू गेल्यास कागदच फाटे. तेव्हा छाया दाखवायची ती बारीक समांतर रेघांनी, आणि चुकलेली रेघ सहजी मिटत नसे. रॉन फॉस, बिलजो व्हाइट, ग्रास ग्रीन हे चित्रकार फॅनझीनच्या या जगातच नावारूपाला आले. रॉबर्ट क्रम्ब यांनीही १९५८मध्ये भावासह ‘फू’ काढून येथूनच आरंभ केला.

परंतु फॅनझीनचे खरे वाङ्मयीन कार्य चित्रे छापण्याहून मोठे आहे. त्या काळी अनेक चित्रकथांवर चित्रकाराचे नावच नसे. डिस्नेच्या बदकांच्या गोष्टींतील एक हात इतरांहून निराळा आहे, हे वाचकांनी केवळ रेषेवरून ओळखले. नाव ठाऊक नसल्याने ते त्याला ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हणत. १९६०च्या सुमारास काही चाहते चिकाटीने त्याच्यापर्यंत पोहोचले आणि कार्ल बार्क्स हे नाव वाचकांना कळले. बेल्स यांनी पुढे हेम्स वेअर यांच्यासमवेत १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकन चित्रकथाकारांचा कोशच सिद्ध केला. विद्यापीठांनी हात लावण्यापूर्वी झालेली ही शैलीनिष्ठ कर्तृत्वनिश्चिती होय. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सकाला तिची पद्धत परकी वाटू नये.

मराठीत असे का घडले नाही? १९५४मध्ये रमेश समर्थ, अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे यांनी ‘शब्द’ काढले, तेही चक्रमुद्रितच. पुढे मुंबईतून ‘असो’, औरंगाबादेतून (आजच्या छत्रपती संभाजीनगरातून) भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’ निघाले. यंत्र स्वस्त होते, हौस होती, चित्रकारही होते. फरक मुळाशी असलेल्या भावनेत आहे. फॅनझीन प्रेमातून जन्मले. ज्या चित्रकथेवर प्रेम, तिच्याच उद्योगात शिरण्याची वाट त्यातून जाई. रॉय थॉमस १९६५मध्ये मार्व्हलचे लेखक झाले, ते याच वाटेने. लघुअनियतकालिक भांडणातून जन्मले. मौजेची निर्दोष छपाई आणि दीनानाथ दलालांनी १९४५मध्ये सुरू केलेल्या ‘दीपावली’सारख्या अंकांची देखणी चित्रसजावट यांच्या पार्श्वभूमीवर ओबडधोबड पान हीच एक भूमिका ठरली. साहजिकच समीक्षेने त्या पानातली भूमिका वाचली आणि रेषा वगळली.

या वगळण्याचा सर्वाधिक फटका कोलटकरांच्या आकलनाला बसला आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला, जाहिरातक्षेत्रात कॅग पुरस्कार सहा वेळा मिळवणारा हा आरेखनकार आपल्या पुस्तकाचे पान, आकार, ओळींमधील मोकळी जागा यांसंबंधी कमालीचा जागरूक होता. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ने काढलेली त्यांची पुस्तके हाती घेतली तरी हे उमगते. तरीही त्यांचा व्यवसाय चरित्रातील तपशील म्हणून एका वाक्यात आटोपला जातो. (बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात चालवलेले ‘वृश्चिक’ चित्रकारांचेच असल्याने त्याच्या वाट्याला हे दुर्भाग्य आले नाही.)

दुसरीकडे मराठी वाचकाच्या घरात चित्रकथा मोठ्या प्रकाशनसंस्थांमार्फत आली : १९६४पासून इंद्रजाल, १९६७पासून अमर चित्र कथा. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांची रेषा हजारो मुलांनी वहीत गिरवली. पण तिच्याविषयी लिहिणारी, एक हात दुसऱ्यापासून वेगळा काढणारी चाहत्यांची पत्रे मराठीत रुजली नाहीत. जे लिहू शकत होते ते ‘सत्यकथे’शी भांडण्यात गुंतले होते, आणि वेताळ वाचणाऱ्यांना अजून मिसरूड फुटायचे होते.

लघुअनियतकालिकांतील कविता पुढे संग्रहांत आणि संपादनांत स्वच्छ टंकात आल्या. त्या वाचल्या जातात, अभ्यासक्रमात लागतात. मूळ अंकांचा हलक्या प्रतीचा कागद मात्र पिवळा पडून घडीवर तुटतो आहे. त्या घडीवरचे चित्र कोणाच्या हातचे, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.