डोळ्यातील कृत्रिम भिंगाला नेत्रतज्ज्ञांनीच विरोध का केला?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणे ही आज नेहमीची बाब आहे. मात्र हे भिंग प्रथम बसवणारे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांना सर्वाधिक विरोध झाला तो त्यांच्याच क्षेत्रातून.

पार्श्वभूमी

पूर्वी मोतीबिंदू काढल्यानंतर रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा लावावा लागे. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे ॲक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले होते. ते डोळ्यात राहूनही फारसा दाह होत नाही, हे रिडली यांच्या लक्षात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी अशाच प्लास्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले.

सुरुवातीच्या शस्त्रक्रिया त्यांनी गुप्त ठेवल्या. १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत त्यांनी शस्त्रक्रिया झालेले रुग्णच समोर आणले. तेव्हाचे सर्वांत वजनदार नेत्रतज्ज्ञ सर स्ट्युअर्ट ड्यूक-एल्डर यांनी त्यांना तपासण्यासही नकार दिला.

विरोधाची कारणे

- डोळ्यात गेलेली बाहेरची वस्तू काढायची, हेच नेत्रतज्ज्ञांना शिकवले जाई. रिडली नेमके उलट करत होते.
- भिंग जागेवरून सरकणे, दाह, काचबिंदू अशा गुंतागुंती खरोखरच होत होत्या. त्यामुळे सगळाच विरोध मत्सरातून आला, असे म्हणता येत नाही.
- क्षेत्र लहान होते. ड्यूक-एल्डर यांचे अनेक खंडांचे पाठ्यपुस्तक सर्वत्र प्रमाण मानले जाई. अशा व्यक्तीने पाठ फिरवली की तरुण डॉक्टरांना उघडपणे दुसरी बाजू घेणे अवघड जाते.

पुढे काय झाले?

१९६६ मध्ये रिडली आणि पीटर चॉइस यांनी भिंगारोपण करणाऱ्या मोजक्या डॉक्टरांचा आंतरराष्ट्रीय क्लब स्थापन केला. आपले अपयश, सुधारणा आणि अनुभव एकमेकांना सांगण्यासाठी त्यांना हक्काची जागा मिळाली. भिंगांची रचना व शस्त्रक्रियेचे तंत्र सुधारत गेले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा भिंगांना मान्यता दिली.

रिडली १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. ‘सर’ हा किताब त्यांना २००० मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी मिळाला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

सहकाऱ्यांची शंका रुग्णाचे रक्षण करते. पण समोर बसलेल्या रुग्णाला न तपासताच दिलेला नकार ही शंका नसते.